दानम्माचे सात डबे

नेकनूरच्या बसथांब्यावर उतरून विभूत्यांचं दुकान विचारलं, तर सांगणारा आधी बोट दाखवतो आणि मग डोळे बारीक करून विचारतो, "दुकानात काम हाय का दानम्माकडं?" प्रश्न उगाच नाही. दुकान वीरभद्र विभूतेचं. त्याच्या पट्ट्याला मोबाइल लटकतो, दुकानाच्या दाराला शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकतात, आणि दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान. पण दुकानामागच्या घरातली चूल दानम्माची. वीरभद्रची थोरली भावजय. वय एकोणसाठ, उंची बेताची, आणि आवाज असा, की मांजरसुंब्याच्या घाटात हाक मारली तर बीडमध्ये कुणीतरी 'ओ' द्यावी.

बाराव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा वीरभद्र दोन वर्षांचा होता आणि अंगावर चिंधी नसताना गल्लीभर हिंडायचा. (हे ती अजून त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगते.) तिसऱ्या वर्षी सासू गेली. धाकटा दीर सांभाळणं, सासरे मृत्युंजयअप्पांचं पथ्यपाणी, सकाळच्या लिंगपूजेची तयारी, भाकऱ्यांची चळत, सगळं तिच्याच अंगावर आलं. पोटी मूल झालं नाही. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. गावानं पहिली गोष्ट चाळीस वर्षं चघळली आणि दुसरी पंधरा दिवसांत विसरून टाकली. समोरच्या घरातली साखराबाई एकदा लग्नाच्या पंगतीत, दानम्माला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मूल न्हाई, बाळ न्हाई, तरी तोरा बघा." दानम्मानं तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली. "खा साखराबाई, पोटभर खा. तुझी पाच पोरं हायेत, पण वाढायला मलाच यावं लागलं." तेव्हापासून साखराबाई तिच्याबद्दल बोलते ते फक्त पाठीमागून.

या बाईनं आयुष्यात डॉक्टरची गोळी घेतलेली नव्हती. गाव हिवतापानं वाकलं तरी नाही, घरात हगवणीची साथ आली तरी नाही. ज्वारीची शिळी भाकरी, कारळाची चटणी आणि वर ताक, यावर तिचा कारभार. तिच्या पोटात काय दगड आहेत का, असं लोक म्हणायचे. त्यावेळी कुणाला ठाऊक होतं, की एक दिवस पुण्याचे शहाणे लोक हीच चौकशी करायला बसतील!

ही चौकशी घरात आणली वीरभद्रच्या लेकीनं, वर्षाराणीनं. साल दोन हजार चार, संक्रांत नुकतीच झालेली. पोरगी चोवीस वर्षांची. बीडला कॉलेज, औरंगाबादला एमएस्सी आणि आता पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी. यातल्या प्रत्येक पायरीवर वीरभद्र "बास झालं" म्हणाला होता आणि प्रत्येक पायरीवर दानम्मानं त्याला गप्प केलं होतं. त्या दिवशी पोरगी बसमधून उतरली ती काखेत थर्माकोलचा खोका घेऊन. संध्याकाळची जेवणं झाली, सगळे ओसरीवर टेकले, तेव्हा तिनं खोका उघडला. आत पांढऱ्या प्लास्टिकचे सात छोटे डबे, प्रत्येकाच्या झाकणाला आतून इवलासा चमचा चिकटवलेला.

"घरात सात माणसं, सात डबे," ती म्हणाली. "अप्पा, मोठीमाय, आई, बाबा, दादा, वहिनी आणि छकुली. चार पिढ्या, एक घर, सगळे शाकाहारी. माझ्या अभ्यासाला असंच घर लागतं. सकाळी प्रत्येकानं थोडं थोडं… म्हणजे… परसाकडचं."

स्वप्नाली, म्हणजे तिची वहिनी, पदर तोंडात कोंबून आत पळाली. भाऊ संगमेश छताकडे पाहू लागला. वीरभद्रचा चेहरा मात्र आधी पिवळा झाला, मग लाल.

"काय म्हणलीस?"

"बाबा, दिवाळीत तुम्ही सात कागदांवर सगळ्यांच्या सह्या घेऊन दिल्या ना? ते याचेच होते."

वीरभद्र लेकीनं आणलेल्या कुठल्याही कागदावर शिष्यवृत्तीचा समजून सही करायचा आणि घरच्यांच्याही सह्या-अंगठे उमटवून घ्यायचा. वाचायचा नाही. दुकानदार माणूस, पण लेकीच्या बाबतीत असा भाबडा.

"आग, गळ्यात लिंग हाय माझ्या," तो उसळला. "सकाळी पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत न्हाई मी. आन् ती घाण हातात धरू?"

"टमरेल धरतोस की रोज," दानम्मा म्हणाली.

"वैनी, तुमी मधी बोलू नका! उद्या गावात कळलं म्हंजे? विभूत्यांच्या घरचा… तो माल… पुण्याला चाललाय, काचंखाली. नांदूरघाटचं स्थळ आलंय हिला. त्यांच्या कानावर गेलं तर?" त्यानं डबे खोक्यात कोंबले आणि पायानं खोका बाजूला सरकवला. "पाठवायचं न्हाई. कुणाचंच न्हाई. झालं."

पोरगी परसात जाऊन रडत बसली. दानम्मा तिच्याजवळ गेली, धुण्याच्या दगडावर टेकली आणि म्हणाली, "रडतीस कावून? मला नीट सांग, पोटात बघायचं काय असतंय?"

मग वर्षाराणीनं डोळे पुसत सांगितलं. आपल्या पोटात अब्जावधी जंतू राहतात. रोग करणारे नव्हेत, राहणारे, खाल्लेलं पचवायला मदत करणारे. जुने लोक त्यांना काचेच्या थाळीत वाढवून ओळखायला बघायचे, पण बहुतेक जंतू पोटाबाहेर आले, हवा लागली, की मरतात. वाढतच नाहीत. म्हणून ते कुणाला दिसलेच नाहीत. आता नवी रीत आलीय. जंतू वाढवायचाच नाही. त्याच्यातला डीएनए तेवढा काढून घ्यायचा. एक जनुक असं आहे, की ते प्रत्येक जंतूत असतं, पण प्रत्येक जातीत थोडं थोडं वेगळं. मशीनमध्ये त्या जनुकाच्या लाखो नकला काढायच्या आणि ते वेगळेपण बघून कोण कोण आहे ते ओळखायचं.

दानम्मानं थोडा विचार केला. "म्हंजे भाकरीसारखं. सगळ्या बायका भाकरीच थापतात, पण भाकरी बघून मी सांगते, ही साखराबाईची, ही तुझ्या आईची. तोंड बघावं लागत न्हाई."

"अगदी तसंच, मोठीमाय!"

"मग जा, झोप. सकाळी तुला सात डबे मिळतील. तुझ्या बापाला मात्र काही विचारू नको. तो लाजतो."

सकाळी सात डबे मिळाले. झाकणं घट्ट, वरच्या चिठ्ठ्यांवर नाव आणि वय. वीरभद्र किराणा भरायला मोंढ्यात गेलेला होता. बंकटच्या बर्फाच्या दुकानातून दानम्मानं स्वतः बर्फ आणून खोक्यात ठेचून भरला आणि पोरीला साडेसातच्या बसमध्ये बसवून दिलं. वर्षाराणी इतकी खूश होती, की बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर हलत होता.

आता डबे भरले कसे, हे फार खोलात जाऊन विचारू नये. पण बात लपवण्यासारखी नव्हती, म्हणजे निदान दानम्माच्या मते तरी. चमचा इवलासा होता, माल एका माणसाकडे पुष्कळ होता. आणि त्यामागे तिचा हिशेब एकदम चोख होता. घरात चूल एक. तवा एक. अप्पांना जे वाढायचं तेच छकुलीला कुस्करून द्यायचं, वरण त्याच पातेल्यातलं, ताक त्याच गाडग्यातलं. सत्तेचाळीस वर्षं हे सात-आठ जण तिच्या हातचं खात आले. मग एकाच्या पोटात जे असेल तेच सगळ्यांच्या पोटात असणार, यात शंका कसली? गावात एकत्र घराबद्दल लोक म्हणतात तेच ना, की विभूत्यांचं एकच पोट आहे! मग त्या एका पोटाचे सात डबे केले तर बिघडलं कुठं?

तीन महिने कुठंच बिघडलं नाही. मग चैत्रात एका शुक्रवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. वीरभद्रनं उचलला, ऐकत राहिला, आणि "बरं झालं" म्हणून फोन दानम्माकडे दिला. पलीकडून फक्त हुंदके.

हळूहळू कळलं ते असं. मशीनमधून निघालेल्या नकला जेलीसारख्या पातळ थरात घालून वीज सोडली, की ज्याचा त्याचा पट्टा ज्याच्या त्याच्या जागी थांबतो. एका माणसाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधी येत नाहीत. बाकीच्या घरांचे सगळे वेगवेगळे आले. विभूत्यांचे सातही एकसारखे. चार वर्षांची छकुली आणि त्र्याऐंशी वर्षांचे अप्पा, दोघांचं पोट हुबेहूब! प्रयोगशाळेतले मोठे सर वर्षाराणीला म्हणाले, गावाला जाऊन कष्ट घ्यायला नकोत म्हणून तू एकच डबा सात ठिकाणी वाटलास. ही फसवणूक आहे. सोमवारी समिती बसेल आणि तुझी नोंदणी रद्द होईल.

"मोठीमाय, मी काही केलं नाही गं. पण कुणी ऐकतच नाही."

दानम्माच्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. तिनं वीरभद्रकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर, खोटं कशाला सांगावं, थोडं समाधान होतं.

"तिनं न्हाई," दानम्मा म्हणाली. "मी."

"काय?"

"सातही डबे माझेच होते. तू न्हाई म्हणलास. म्हणलं, एका चुलीवरचं खातो, कुणाचं बी चालंल."

वीरभद्र गल्ल्यावरून उठला आणि पुन्हा बसला. गिऱ्हाइकं आहेत म्हणून आवाज बारीक केला. "वैनी, तुमी… जाऊ द्या. झालं ते चांगलंच झालं. सोमवारी पोरगी घरी येईल, ज्येष्ठात नांदूरघाटला लग्न लावून टाकू. गप ऱ्हावा."

"आन् ती चोर ठरली ते?"

"पुण्यात ठरली. नेकनूरात कुणाला माहीत हाय?"

"मला माहीत हाय," दानम्मा म्हणाली. "मी जाते पुण्याला."

"काय सांगणार तिथं? सात डब्यांत मीच होते म्हणून? मोठ्या मोठ्या लोकांत? अब्रू—"

"अब्रू मी डब्यात भरली न्हवती, वीरभद्रा."

दानम्मा तोवर कपिलधारच्या यात्रेपलीकडे कधी गेलेली नव्हती. रविवारी दशम्यांचं गाठोडं घेऊन ती एकटी बीडला गेली, तिथून पुण्याच्या गाडीत बसली आणि नगरपर्यंत शेजारच्या बाईला स्वतःचं नाव, गाव आणि कामाचं निमित्त सगळं सांगून मोकळी झाली. शेजारची बाई नगरला दुसऱ्या सीटवर गेली.

सोमवारी सकाळी समितीच्या खोलीत चार साहेब आणि एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. वर्षाराणी भिंतीशी उभी, डोळे सुजलेले. शिपाई अडवेपर्यंत दानम्मा आत होती.

"या बाई कोण?" मोठे सर म्हणाले.

"त्या सात डब्यांची मालकीण," दानम्मा म्हणाली.

 मग तिनं सगळं सांगितलं. दिराचं नाही म्हणणं, सकाळची वेळ, इवलासा चमचा. काही वगळलं नाही. एक साहेब खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे गेले. चष्मेवाल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मोठे सर मात्र हसले नाहीत.

"हे बघा, आजी, तुम्ही पुतणीला वाचवायला आलात. चांगली गोष्ट आहे. पण पुरावा काय? कुणीही येऊन म्हणेल, ते मीच."

"कुणीबी कसं म्हणंल?" दानम्मा म्हणाली. "असली गोष्ट कुणी आपल्या अंगावर घेतंय का? आन् पुरावा तुमच्याकडंच हाय. ते मशीन माणूस ओळखतं म्हणता ना? मग माझ्या तोंडाकडं कावून बघायलात? द्या एक डबा. पोरीला हात लावू देऊ नका. ह्या बाईंनी करावं. माझे पट्टे त्या सातांसारखे निघाले न्हाईत, तर हिला बी घालवा आन् मला पोलिसात द्या."

मोठ्या सरांनी चष्मेवाल्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, मला यात अडचण दिसत नाही." आणि कपाटातून डबा काढून आणला.

पुढचे चार दिवस दानम्मा वर्षाराणीच्या होस्टेलवर राहिली आणि रोज सकाळी नऊला प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर येऊन बसली. आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "कुठवर आलं?" पहिल्या दिवशी पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी थांबून सांगायला लागली, "आजी, डीएनए निघाला." तिसऱ्या दिवशी, "नकला चालल्यात." दरवानाला तिनं दशमी दिली आणि त्याच्या दोन्ही सुनांची माहिती काढून घेतली. वर्षाराणी मात्र काही खात नव्हती.

"मोठीमाय, नाही जुळलं तर? तीन महिन्यांत पोट बदललं असलं तर?"

"मी बदलले का? मग ते कसं बदलंल!"

शुक्रवारी दुपारी मोठ्या सरांनी आत बोलावलं. टेबलावर एक काळा फोटो होता आणि त्यात उभ्या रांगांत पांढरे आडवे पट्टे, काही जाड, काही बारीक, खणाच्या काठासारखे. सरांनी बोट ठेवलं. ह्या सात जुन्या रांगा. ही आठवी, या आठवड्याची. दानम्मानं डोळे जवळ नेले. लिहिता-वाचता तिला बेताचंच यायचं, पण काठ जुळवायला शिकवावं लागत नाही. आठही एकसारखे. पलीकडे दुसऱ्या गावच्या एका घराच्या सहा रांगा होत्या. त्या सहाही वेगळ्या.

"हे बी एका घरचे?" तिनं विचारलं.

"एका घरचे. एका चुलीवरचं खाणारे," सर म्हणाले. "खाणं सारखं असलं तरी पोट सारखं नसतं, आजी. जन्म, आईचं दूध, लहानपणीची दुखणी, वय, औषधं, सगळ्यानं फरक पडतो. काही जंतू घरात सगळ्यांत सापडतात. पण पुरं चित्र ज्याचं त्याचं." मग त्यांनी बोट पुन्हा आठव्या रांगेवर ठेवलं. "तुमच्या रांगेत हा एक पट्टा आहे बघा. आमच्याकडच्या दीडशे लोकांत दुसऱ्या कुणातही नाही. कोणता जंतू आहे, आम्हाला अजून कळलेलं नाही. नाव नाही त्याला."

"वाईट हाय का?"

"तसं वाटत नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

"मग ऱ्हाऊ द्या त्याला. नाव न्हाई म्हणून कुणाचं अडत न्हाई."

सरांनी एक कोरा कागद पुढे केला. वर्षाराणीवरचा आळ गेला, म्हणाले, पण जुने डबे आता कामाचे नाहीत. येत्या बुधवारपर्यंत बाकी सहा माणसांचे खरे डबे आले, तर हे घर अभ्यासात राहील. नाहीतर चार पिढ्यांचं दुसरं घर शोधायला वर्ष जाईल, आणि तेवढी मुदत तिच्याकडे नाही. "आणि तुम्ही इथे माफी लिहून द्या. फाइलला लागेल."

"झालं ते लिहून देते," दानम्मा म्हणाली. "माफी न्हाई लिहायची. मी चुकले ते न कळून चुकले, आन् सांगायला तीनशे कोस आले. तुमी शिकलेले. पोरीला विचारायच्या आधीच चोर म्हणालात. माफीचा कागद पाहिजे असला तर दोन आणा."

वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. मोठ्या सरांनी टेबलावरचा फोटो बाजूला सरकवला. मग वर्षाराणीकडे वळून, अवघडून, म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं." कागद त्यांनी मागे घेतला; माफी कुणीच लिहिली नाही. दानम्मा तेवढ्यावर राजी झाली. तीनशे कोस हे तिनं वाढवून सांगितलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

शनिवारी दोघी नेकनूरला परतल्या, सहा रिकामे डबे घेऊन. दानम्मा बसमध्ये गप्प होती, आणि दानम्मा गप्प असणं ही जरा काळजीचीच बाब. जामखेडच्या फाट्यावर चहा घेताना ती एकदाच बोलली, "सत्तेचाळीस वर्षं मी समजत होते, ह्यांचं पोट तेच माझं पोट."

घरी तिनं डबे ओसरीवर मांडले आणि चिठ्ठ्या वाचून दाखवायला लावल्या. सगळ्यांत आधी बोलले अप्पा. खाटेवरून मान न उचलता म्हणाले, "माझा कुठाय? त्र्याऐंशी वर्सांत कुणी माझ्याकडं काय मागितलं न्हाई. आण इकडं." स्वप्नालीनं स्वतःचा आणि छकुलीचा घेतला आणि संगमेशचा त्याच्या हातात ठेवला, म्हणून त्यानं घेतला. वत्सलाबाईनं, म्हणजे वीरभद्रच्या बायकोनं, नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि डबा पदराखाली नेला. राहिला एक.

"मी देणार न्हाई," वीरभद्र म्हणाला. "पाच घेऊन जा."

"सहा लागतात, बाबा," वर्षाराणी म्हणाली. "मधली पिढी तुम्हीच आहात. आई दुसऱ्या घरातून आलेली."

"मग बंद कर. लग्न कर."

"सही तुझी हाय कागदावर," दानम्मा म्हणाली.

"सही माझी, पोट बी माझं! माझ्या मर्जीचं!"

दानम्मानं मान डोलावली. "खरं हाय. तुझं तुझं, माझं माझं. पुण्याच्या मशीननं तसंच लिहून दिलंय." आणि ती उठून गेली.

रविवारी सकाळी घराला जाग आली ती धुरानं. परसात, धुण्याच्या दगडाशेजारी, तीन विटा मांडून दानम्मानं स्वतःची चूल पेटवली होती. एक तवा, एक परात, एक गाडगं. एका माणसाच्या दोन भाकऱ्या.

"वैनी, हे काय?" वीरभद्र दारात आला.

"माझं पोट येगळं निघालंय, बाबा. कुणासारखंच न्हाई. मग तुमच्या चुलीवर मी कावून राबू? ज्याचं त्यानं बघावं."

त्या दिवशी आतल्या चुलीवर वत्सलाबाईनं भाकऱ्या केल्या. त्या तव्यावरच चिरल्या. सोमवारी स्वप्नालीनं पोळ्या लाटल्या, अप्पांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि काठी टेकत परसात गेले, दानम्माच्या चुलीपाशी बसले. तिनं वाढलं. छकुली त्यांच्या मागोमाग. तिलाही वाढलं. वीरभद्र आला असता तर त्यालाही वाढलं असतं, असं नव्हे. त्याला वाढणार नाही, हे तिनं मोठ्यानं सांगितलं होतं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आणि भिंतीपलीकडे काय, रस्त्यापलीकडे साखराबाई होती! परसातून वर गेलेला दुसरा धूर तिनं रविवारी सातला पाहिला आणि आठपर्यंत तो अर्ध्या नेकनूरनं पाहिला. गावाला दुसऱ्या चुलीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुसरी चूल म्हणजे घर फुटलं. सोमवारी बंकट बर्फवाला दुकानात साखर घ्यायला आला आणि साखर राहिली बाजूलाच.

"वीरभद्रशेठ, वाटण्या झाल्या म्हणं?"

"कोण म्हणतंय बे?"

"सगळेच. थोरल्या वैनींनी जमीन मागितली म्हणत्यात. का दुकान?"

मंगळवारी चकलांब्याहून त्याच्या मावसभावाचा मोबाइलवर फोन आला, मध्ये पडू का म्हणून. दुपारी नांदूरघाटहून निरोप आला, की घरात वाद मिटेपर्यंत बोलणी थांबवू. वीरभद्रनं मोबाइल पट्ट्यातून काढून गल्ल्यात टाकला. एका डब्यामुळं जाणारी अब्रू त्यानं मोजली होती. चुलीमुळं जाणारी मोजायची राहून गेली होती. डब्याबद्दल गावात अजून कुणाला नीट माहीतही नव्हतं. वाटणीबद्दल प्रत्येकाला सविस्तर माहीत होतं, झाली नसताना!

संध्याकाळी तो परसाच्या दारात उभा राहिला. "वैनी, लोक काय बोलायलेत, ऐकलं का?"

"मी चाळीस वर्षं ऐकलं. तू तीन दिवसांत दमलास?"

 तो तसाच आत गेला.

बुधवारी सकाळी पाच डबे बर्फात बसले होते. साडेसातची बस चुकली असती तर मुदत हुकली असती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वर्षाराणी खोक्याच्या झाकणावर हात ठेवून बसली होती, पण ते बंद करत नव्हती. साडेसातला दहा कमी असताना परसातलं दार वाजलं. वीरभद्र आला. अंघोळ झालेली, कपाळावर ओली विभूती, पूजा उरकलेली. हातात डबा, दोन बोटांत धरलेला, अंगापासून लांब. त्यानं तो दानम्माच्या चुलीपासून चार हातांवर, दगडाच्या कडेला ठेवला आणि दुसरीकडे पाहत उभा राहिला.

दानम्मानं भाकरी उलटली. "यात तूच हायस का बंकट?"

"वैनी!"

"न्हाई, विचारलं. मशीन लबाडी धरतं. मला धरलंय."

"मीच हाय," वीरभद्र दातांतल्या दातांत म्हणाला. वर्षाराणी धावत आली, डबा उचलला, बापाकडे पाहिलं. बस यायची वेळ झाली होती. ती खोका घेऊन पळाली, संगमेश बर्फाची पिशवी घेऊन तिच्यामागे.

वीरभद्र तिथंच उभा होता. मग विटांकडे बोट करून म्हणाला, "आता विझवा ही. आत या. झालं ना तुमच्या मनासारखं?"

दानम्मानं फुंकणी उचलली, चुलीत घातली आणि जाळ मोठा केला.

"डबा पोरीसाठी होता," ती म्हणाली. "चूल माझी हाय."